रोजची कीर्द रोज

४ जानेवारी २०२६

चिरंजीव मुलीस,
अनेक आशीर्वाद.

काल महापालिका निवडणुकीचे चिन्ह मिळाल्यावर तू घरी आलीस आणि खर्चाची कोरी पत्रके माझ्यापुढे ठेवलीस, ती अजून तशीच टेबलावर आहेत. पॅनेलप्रमुखांनी तुला सांगितले की सह्या करून ठेव, हिशेबाचे आमचा माणूस बघेल. आणि प्रभागातल्या आपल्या पॅनेलच्या चौघा उमेदवारांचा हिशेब एकाच हाताने लिहिण्याची रीत असताना सही करण्यात चुकीचे काय, असे तू मला विचारलेस. उत्तर लिहून देतो आहे, कारण या विषयावर बोलताना मी चिडतो.

कोऱ्या कागदावर सही करायची नाही, आणि कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, रोजच्या रोज स्वतःच्या हाताने लिहायची.

आपली महापालिका ड वर्गातली, म्हणून प्रत्येक उमेदवाराला खर्चाची मर्यादा ९ लाख रुपयांची आहे. (तू ४० लाखांचा आकडा सांगत होतीस, तो आमदारकीचा आणि भारत निवडणूक आयोगाचा. आपल्याकडे हुकमत राज्य निवडणूक आयोगाची. या दोहोंची गल्लत चांगले वकीलही करतात.) चौघांचे मिळून ३६ लाख होतात. तुझा खरा खर्च, मला दिसते त्यावरून, साडेतीन लाखांपलीकडे जाणार नाही. मग उरलेले साडेपाच लाख कोणाच्या कामी येतील? ज्याचा स्वतःचा खर्च ९ लाखांत मावत नाही, त्याला दुसऱ्याच्या नावावरची मोकळी जागा लागते. हा माझा तर्क आहे, आरोप नव्हे. पण कोऱ्या कागदाचे दुसरे कारण मला सुचत नाही. पुढे त्या हिशेबाबरोबर जे शपथपत्र जाईल, त्यावर मात्र नाव तुझे एकटीचे असेल.

चौघांचे फोटो असलेली १२ हजार पत्रके छापली आणि बिल १६ हजारांचे आले, तर बिल कोणाच्याही नावाचे असो, तुझ्या कीर्दीत ४ हजार त्याच दिवशी पडले पाहिजेत. मामांनी प्रेमाने दिलेली जीप फुकट असली तरी निवडणूक कार्यालयाने ठरवलेल्या दरसूचीप्रमाणे तिचे भाडे खर्चात धरावे लागते. कोपरा सभेच्या खुर्च्या, भोंग्याची रिक्षा, कार्यकर्त्यांचा चहा आणि वडापाव, सगळ्यांचे दर त्या यादीत आहेत. यादी मागून घे आणि कीर्दीच्या पहिल्या पानाला टाचून ठेव. पैसा निवडणुकीसाठी उघडलेल्या वेगळ्या बँक खात्यातून गेला की निम्मी कीर्द आपोआपच लिहून होते. उरलेली निम्मी, म्हणजे हातावर दिलेले पैसे, तीच माणसाला बुडवते.

मला तिनेच बुडवले. आडतीच्या दुकानात मी ३१ वर्षे कीर्द-खतावणी लिहिली. दिवसाचा मेळ लागल्याखेरीज दुकानाचा दिवा मालवायचा नाही, हा आमच्या शेठचा दंडक होता आणि तो मी एक दिवसही मोडला नाही. स्वतःच्या निवडणुकीत मात्र रोज मोडला. चिठ्ठ्या खिशात साठवत गेलो. मंडपवाल्याची चिठ्ठी सदऱ्यासकट धुतली गेली आणि तिचा निळसर लगदा तुझ्या काकूने मला तळहातावर आणून दाखवला. ५७ मतांनी हरलो. हरलेल्या माणसाला कसला आला आहे हिशेब, असे समजून गप्प बसलो, नोटीस आली तेव्हा रागारागाने दोन ओळींचे उत्तर पाठवले, आणि तीन वर्षांसाठी अपात्र ठरलो. दीड वर्षाने त्याच प्रभागात पोटनिवडणूक लागली. लोक घरी येऊन म्हणत होते, या वेळी तुम्हीच. मी दाराआडून ऐकत होतो.

मला नियम कोणी सांगितला नव्हता, असे मी पुढे कित्येक वर्षे सांगत फिरलो. तो अर्जाबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत छापलेला होता आणि पुस्तिका मिळाल्याची माझी सही होती. तरीही एवढे म्हणतो की मी चोर नव्हतो. त्या निवडणुकीत बायकोच्या पाटल्या मोडून खर्च केला, कोणाचा एक पैसा घेतला नाही, आणि ज्यांनी माझ्या दसपट उधळले त्यांचे कागद वेळेवर गेले म्हणून ते पात्र राहिले. हे मला आजही पटत नाही. पण ज्याने स्वतःची कीर्द लिहिली नाही, त्याने दुसऱ्याच्या कीर्दीकडे बोट कसे दाखवायचे?

सगळेच कमी खर्च दाखवतात, मग मीच खरा का दाखवू, असेही तू जाता जाता म्हणालीस. हे वाक्य तुझ्या तोंडी शोभत नाही, आणि व्यवहारातही ते कच्चे आहे. हिशेब व विवरणपत्रे दिली नाहीत म्हणून याच राज्य निवडणूक आयोगाने २०१६ मध्ये १९१ पक्षांची नोंदणी रद्द केली. तिथे तुझी-माझी काय कथा. शिवाय तुझा खर्च मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी आहे. खोटे लिहिण्याची गरज तुला नाही, ती ज्यांना आहे त्यांच्यासाठी तू का लिहावेस?

नामनिर्देशनपत्र भरल्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा खर्च यात येतो, म्हणजे तुझे पाच-सहा दिवस आधीच कोरे गेले. ते आज रात्री बसून भरून काढ. रोजचा खर्च दुसऱ्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे गेला पाहिजे. मतमोजणी १६ जानेवारीला आहे; जिंकलीस किंवा हरलीस, तरी तीस दिवसांत संपूर्ण हिशेब द्यावा लागतो. ती मुदत १५ फेब्रुवारीला संपते, त्या दिवशी रविवार आणि महाशिवरात्र आहे, आणि आदला दिवस दुसरा शनिवार. म्हणून शेवटचा दिवस १३ समज, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस.

कोरी पत्रके मी परत पाठवत नाही, माझ्यापाशीच राहू देत. पॅनेलप्रमुखांनी विचारले तर माझे नाव सांग. या वयात मला कोण काय करणार आहे? मंगळवारी संध्याकाळी ये. चिठ्ठ्यांची पिशवी आणू नकोस, कीर्द लिहून आण.

तुझा,
काका