बॅज ‘एसएस’चा, इंजिन ४.७ चं

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये, रेडिंगला राहतो. आठ महिन्यांपूर्वी जुन्या गाड्या विकणाऱ्या एका डीलरकडून १९७० ची मासेराती गिब्ली घेतली. जाहिरातीत ‘एसएस, ४.९ लिटर, मूळ इंजिन’ असं स्पष्ट लिहिलं होतं; एसएस म्हणजे ४.९ चं इंजिन असलेली गिब्ली. गेल्या आठवड्यात इंजिन उघडलं, तर मेकॅनिक म्हणाला की हे ४.७ चं आहे, बॅज कोणीतरी नंतर लावलाय. डीलरचं म्हणणं असं : आधीच्या मालकाने सांगितलं तेच आम्ही छापलं, पावतीवर ‘आहे तशी विकली’ लिहिलंय, आणि तुम्ही स्वतः माणूस आणून गाडी तपासली होती. फार तर क्रँकशाफ्ट बदलून ४.९ करून देतो. गाडीवर माझा जीव आहे, पण फसवलं गेल्याचं फार लागतंय. काय करू?

उत्तर : सगळ्यात आधी, क्रँकशाफ्ट बदलू देऊ नका. तुमचा सर्वांत भक्कम पुरावा आज त्या उघड्या इंजिनात आहे.

गिब्लीच्या दोन्ही इंजिनांचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, एकच, ९३.९ मिलिमीटर. फरक स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टन किती वर-खाली सरकतो त्याचा, आणि तो क्रँकशाफ्टवर ठरतो : ४.७ ला ८५, ४.९ ला ८९. या चार मिलिमीटरमुळे ४,७१९ सीसीचे ४,९३० होतात, आणि नुसतं वरून बघून ते कळत नाही. म्हणून बॅजवाल्यांचं फावतं. डीलर म्हणतो तसं इंजिन ४.९ करता येईल, पण त्याने गाडी एसएस होणार नाही. इटलीत मोदेनाला असलेल्या मासेरातीच्या कारखान्यातून ती काय म्हणून बाहेर पडली, हे आज कुठल्याही गॅरेजला बदलता येत नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही हाच मुद्दा कळीचा आहे. तुम्ही स्वतःसाठी, व्यापाऱ्याकडून गाडी घेतलीत, म्हणजे २०१५ चा ग्राहक हक्क कायदा लागू होतो. वस्तू वर्णनाप्रमाणे असलीच पाहिजे, असं त्याचं कलम ११ सांगतं. डीलरने मनापासून खरं मानून लिहिलं की डोळे झाकून, याच्याशी या कलमाला देणंघेणं नाही. ‘आहे तशी विकली’ या शिक्क्याने हा हक्क काढूनही घेता येत नाही. तीस दिवसांत गाडी थेट परत करण्याची मुदत तुमच्या हातून गेली आहे. त्यानंतर साधारणपणे आधी दुरुस्तीची संधी द्यावी लागते. पण जे दुरुस्तच होऊ शकत नाही त्याची संधी कसली द्यायची? तुमच्या बाबतीत ती पायरी गळते आणि दोन पर्याय उरतात : किंमत कमी करून घेणं, किंवा गाडी परत देणं. परत दिलीत तर आठ महिन्यांच्या वापराची काही वजावट डीलर मागू शकतो.

तपासणीचा मुद्दा फार जुना आहे. पडताळून बघायची संधी होती, एवढ्याने खोटं विधान करणारा सुटत नाही, हे इंग्लंडमध्ये १८८१ पासून ठरलेलं आहे. शिवाय खरेदीआधी इंजिन उघडून स्ट्रोक कोण मोजतं?

दुसरा मार्ग १९६७ च्या चुकीच्या विधानांबद्दलच्या कायद्याचा. त्यात विधानावर विश्वास ठेवायला आपल्याकडे वाजवी कारण होतं, हे डीलरनेच सिद्ध करायचं असतं. आधीच्या मालकाचं तोंडी सांगणं माझ्या मते पुरणार नाही. हाच ज्याचा धंदा आहे त्याच्याकडून जास्त अपेक्षा असते. आणि इथे एक काम लगेच करा. गाडीच्या लॉगबुकात, म्हणजे नोंदणीच्या कागदात, इंजिनाची सीसी लिहिलेली असते. तिथे ४,७१९ असेल, तर विकताना खरा आकडा डीलरच्या हातातल्या कागदावरच होता.

या मार्गाने करारच रद्द करून मागता येतो, पण उशीर अंगाशी येतो. एका चित्राच्या खटल्यात जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराचं म्हणून घेतलेलं चित्र त्याचं नाही हे पाच वर्षांनी कळलं, आणि १९५० मध्ये न्यायालयाने करार रद्द करायला नकार दिला. उलट २०१५ मध्ये, ‘नवी कोरी’ म्हणून विकलेल्या पण तशी नसलेल्या कॅडिलॅकच्या ग्राहकाला पैसे परत मिळाले. आठ महिने फार नाहीत. मात्र कळल्यानंतर तुम्ही गाडी फिरवत राहिलात, तर ती स्वीकारली असा अर्थ काढला जाईल.

समोरचा वकील बहुधा १९९० चा बेंटलीचा निकाल काढेल. ‘ओल्ड नंबर वन’ ही १९२९ आणि १९३० ची ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकलेली बेंटली गाडी. तिचे इतके भाग बदलले होते की मूळचं फारच थोडं उरलं होतं. तिला ‘मूळ’ म्हणता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. तरी तिचा इतिहास अखंड आहे, म्हणून ती ‘ओल्ड नंबर वन’च, असा निकाल दिला. शांतपणे वाचलात तर तो तुमच्याच कामाचा आहे. जुन्या गाडीबाबत प्रत्येक शब्द वेगळा तोलला जातो, आणि तुमच्या जाहिरातीत ‘मूळ इंजिन’ हेच शब्द आहेत.

एक शक्यता मात्र मोकळी ठेवा. गाडी खरीच एसएस असेल आणि मधल्या कुठल्यातरी मालकाने तिच्यात ४.७ चं इंजिन बसवलं असेल. तेव्हाही वर्णन खोटंच ठरतं, पण नुकसानीचा आकडा बराच बदलतो. म्हणून चेसिस आणि इंजिनावर ठोकलेल्या नंबरांचे फोटो घेऊन मोदेनाला मासेराती क्लासिके या जुन्या गाड्यांच्या विभागाकडे कारखान्याची नोंद मागा. जाहिरात, ईमेल, पावती जपून ठेवा. स्ट्रोक त्रयस्थ तज्ज्ञाकडून मोजून लेखी अहवाल घ्या. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असतील तरी ग्राहक पत कायद्याच्या (कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट) कलम ७५ चा आधार धरू नका, ते ३०,००० पौंडांपर्यंतच्या वस्तूंनाच लागू आहे.

गाडी ठेवायची की द्यायची? जीव जडला असेल तर ठेवा आणि किमतीतला फरक वसूल करा, असं मी सांगेन. गिब्लीचा डिझायनर जुजारो, त्याने काढलेली ती रेषा ४.७ वरही तीच आहे. पण हे मनाशी ठरेपर्यंत डीलरला फोनवर काहीही कबूल करू नका. याच आठवड्यात पत्र पाठवा : वर्णनातली चूक, तज्ज्ञाचं माप, दुरुस्तीला नकार का, आणि किंमत कमी करणं किंवा गाडी परत देणं हे दोन्ही हक्क राखून ठेवल्याचं एक स्पष्ट वाक्य. उत्तराला चौदा दिवस द्या. तोवर इंजिन आहे तसंच उघडं राहू दे.