पाटे वाढवलेल्या पिकअपचे इंजिन ऑइल कसे मोजावे?

प्रश्न : माझ्याकडे कांदा वाहण्यासाठी डिझेल पिकअप आहे. चार महिन्यांपूर्वी मागच्या दोन्ही बाजूंचे पाटे (स्प्रिंगची पाने) वाढवून घेतले. तेव्हापासून गाडी रिकामी असताना मागून पूर्वीपेक्षा ३ इंच उंच राहते. परवा मेस्त्रींनी ऑइल बदलले आणि पुस्तिकेत दिल्याप्रमाणे फिल्टरसह ६ लिटर मोजून घातले. तरीही डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या दोन सूत वर दिसते. मेस्त्री म्हणतात, अर्धा लिटर काढून टाकू. थोरले बंधू म्हणतात, जास्त ऑइलने काही बिघडत नाही. काय करावे?
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : अर्धा लिटर काढण्याची घाई करू नये, कारण आपली डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, सध्या चुकीचे माप दाखवत असण्याची दाट शक्यता आहे, मात्र खात्री न करता गाडी तशीच चालवणेही योग्य नाही.

गाडी चारही चाकांवर सारखी उंच केली असती, तर डिपस्टिकच्या मापात काहीही फरक पडला नसता. फरक पडतो तो झुकावामुळे. कंपनीने पट्टीवरच्या खुणा गाडीच्या मूळ ठेवणीप्रमाणे केलेल्या असतात, आणि मागची बाजू उचलली गेली की चेंबरमधले, म्हणजे इंजिनच्या तळाच्या टाकीतले, ऑइल पुढच्या बाजूला सरकते. आपल्या गाडीच्या पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर सुमारे ३ मीटर धरले, तर ३ इंच म्हणजे ७५ मिलिमीटर उचलल्याने दर मीटरला २५ मिलिमीटर इतका उतार येतो. डिपस्टिक चेंबरच्या मध्यापासून २० सेंटिमीटर पुढे असेल, तर तिच्यावर ऑइल ५ मिलिमीटर जास्त दिसेल; आपण सांगितलेले दोन सूत म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर होतात. पट्टी चेंबरच्या मागच्या बाजूला असती, तर हेच ऑइल कमी दिसले असते, आणि ती चूक अधिक वाईट, कारण मग माणूस वरून ऑइल ओतत राहतो. पट्टी बरोबर मध्यावर असेल, तर मात्र झुकावाने फारसा फरक पडत नाही आणि वाढलेल्या मापाचे कारण दुसरीकडे शोधावे लागते.

पडताळणीचा उपाय सोपा आहे. मागची बाजू जितकी उचलली गेली, तितक्याच जाडीच्या, म्हणजे ७५ मिलिमीटरच्या भक्कम सागवानी फळ्यांवर पुढची दोन्ही चाके चढवावीत, की गाडी मूळ झुकावावर येते. त्यासाठी जागा खरोखर सपाट हवी. अंगणाला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो आणि तो डोळ्यांना जाणवत नाही. म्हणून गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन चारही चाकांच्या जागा एकदा तपासून घ्याव्यात. गाडी रिकामी असावी, टायरमधली हवा नेहमीइतकी असावी, हँडब्रेक ओढलेला असावा आणि मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावलेले असावेत.

इंजिन गरम करून बंद करावे आणि १० मिनिटे थांबावे. पुस्तिकेत वेगळी वेळ दिली असेल, तर ती पाळावी. गरम व थंड मापांची तुलना कधीही करू नये, कारण ६ लिटर ऑइल ६० अंशांनी तापले की जवळजवळ पाव लिटरने फुगते. पट्टी पुसून पूर्ण आत घालावी, बाहेर काढावी आणि दोन्ही बाजू पाहाव्यात. पट्टी नळीला घासून येत असल्याने एका बाजूला ऑइलचा ओघळ वर चढलेला दिसतो. दुसऱ्या बाजूला जिथे सलग, सरळ रेषा दिसते, तेच खरे माप.

फळ्यांवर माप वरच्या खुणेशी आले, तर ऑइल बरोबर आहे आणि मेस्त्रींनी काही काढण्याची गरज नाही. गाडी लगेच खाली उतरवून त्याच सपाट जागी पुन्हा मोजावी आणि पट्टीवर जिथे रेषा येईल, ती रिकाम्या गाडीची नवी वरची खूण समजावी. खुणेपासूनचे अंतर मिलिमीटरमध्ये वहीत लिहून ठेवले तरी चालते. कांदा भरल्यावर मागची बाजू दबते आणि झुकाव पुन्हा बदलतो, म्हणून भरलेल्या गाडीत घेतलेले माप या खुणेशी ताडून पाहू नये.

फळ्यांवरही माप वरच राहिले, तर पहिला संशय जुन्या ऑइलचा घ्यावा. अनेक चेंबरचा ड्रेन बोल्ट मागच्या बाजूला असतो, आणि नाक खाली झुकलेल्या गाडीतले जुने ऑइल पुढच्या कोपऱ्यात साचून राहते. त्यावर पूर्ण ६ लिटर घातले की खरोखरच जास्त होते. म्हणून पुढच्या वेळी ऑइल काढतानाही चाके फळ्यांवरच असावीत. आपली गाडी १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाची असेल आणि तिला धुरातली काजळी अडवणारा फिल्टर (डीपीएफ) असेल, तर दुसरी शक्यताही आहे. काजळी जाळण्याची क्रिया वारंवार अर्धवट राहिल्यास डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि पातळी हळूहळू वर चढते. दर आठवड्याला माप वाढत असेल आणि ऑइल पातळ लागून डिझेलचा वास येत असेल, तर थोडे काढून भागणार नाही. ऑइल बदलून मूळ कारण शोधावे लागेल.

बंधूंचे म्हणणे मात्र मला मान्य नाही. ऑइल फार वर गेले की फिरता क्रँकशाफ्ट ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसाळ ऑइलने बेअरिंगना पुरेसा दाब मिळत नाही. कमी ऑइलचा धोकाही तितकाच खरा आहे: कसारा घाट चढताना ऑइल मागे सरकते, आणि पंपाच्या तोंडाशी हवा आली, तर बेअरिंग कोरडे पडायला फार वेळ लागत नाही. फळ्यांवर ऑइल जास्तच ठरले, तर ड्रेन बोल्ट न उघडता डिपस्टिकच्या नळीतून पिचकारी व बारीक नळीने एकेक पावशेर ओढून काढावे आणि दर खेपेला पुन्हा मोजावे.