गंगू ब्राह्मणाची गोष्ट सांगणारा फरिश्ता

प्रश्न : सर, बहमनी राज्य स्थापणारा हसन हा आधी दिल्लीत गंगू नावाच्या ब्राह्मणाच्या शेतावर राबत होता. नांगरताना मोहरांनी भरलेला हंडा सापडला, तो त्याने मालकाला नेऊन दिला, असं वाचलं. खाली 'फरिश्ता' एवढंच छापलं होतं. हा कोण, आणि त्याचं किती खरं धरायचं?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : म्हापशाला शिकवत होतो तेव्हा ही गोष्ट मी मुलांना खरी म्हणूनच सांगत असे. त्याची रुखरुख अजून आहे. हसन गादीवर बसला १३४७ मध्ये. गोष्टीप्रमाणे त्याने उपकाराची आठवण म्हणून मालकाचं गंगू हे नाव घेतलं, पण त्याच्या नाण्यांवर बहमनशाह आहे, गंगू नाही. त्याच्याच काळात, १३५० च्या सुमारास लिहिणारा इसामी त्याला इराणच्या बहमन राजाच्या कुळातला म्हणतो. फरिश्त्याने लिहिलं त्यानंतर अडीचशे वर्षांनी. तोवर गोष्ट तोंडोतोंडी बरीच सजली असणार.

म्हणून फरिश्ता टाकून देऊ नका! मोहम्मद कासिम हे त्याचं नाव. जन्म कास्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादचा. लहानपणीच बापाबरोबर अहमदनगरला आला. बाप निजामशाहीच्या राजपुत्राला, मीरान हुसेनला, फारसी शिकवायचा. कासिमही त्याच्याबरोबर शिकला. पुढे तो मुर्तजा निजामशाहाच्या पहाऱ्यावर नायक झाला. १५८८ मध्ये मीरानने आपल्या बापाविरुद्ध, म्हणजे मुर्तजाविरुद्ध, उठाव केला आणि त्याला हमामात कोंडून मारलं. त्या कत्तलीत कासिम वाचला तो मीरानने बालपणीचा सोबती ओळखला म्हणून. वर्षाच्या आत मीरानचाही खून झाला. हे सगळं पाहिलेला माणूस १५८९ मध्ये विजापूरला गेला. तिथे दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाने त्याला हिंदुस्थानचा इतिहास लिहायला सांगितलं. 'गुलशन-ए-इब्राहिमी' हा तो ग्रंथ त्याने १६०६ च्या सुमारास सादर केला.

गोव्याच्या माणसाला तर तो हवाच. ज्या आदिलशाहीने १५१० मध्ये गोवा गमावला आणि १५७० च्या वेढ्यानंतरही परत मिळवला नाही, तिच्याच दरबारात बसून तो लिहीत होता. जुन्या गोव्यात सेंट काजेतान चर्चपाशी आदिलशाही वाड्याच्या दाराची काळी चौकट तेवढी उरली आहे. तिच्यापाशी उभा राहिलो की मला फरिश्त्याने रंगवलेला बहमनी वजीर महमूद गावान आठवतो. १४७२ मध्ये गावानने विजयनगरकडून गोवा जिंकला, राजधानीत त्याचा मोठा सन्मान झाला. फरिश्ता सांगतो, त्यानंतर तो खोलीत गेला, भरजरी कपडे उतरवून रडला आणि फकिराच्या वेशात बाहेर येऊन पैसाअडका वाटून टाकला. हत्ती, घोडे आणि पुस्तकं मात्र ठेवली. हीही गोष्ट शंभरावर वर्षांनंतरची. तरी विजयानंतर रडणारा वजीर त्याला टिपून ठेवावासा वाटला, हे मला फार मोलाचं वाटतं.

माझा हिशोब साधा आहे. जे त्याच्या काळापासून लांबचं, ते नाणं, शिलालेख, दुसरा लेखक यांच्याशी ताडून घ्या. अहमदनगरचं मात्र डोळ्यांनी पाहिलेल्याचं म्हणून वाचा. जॉन ब्रिग्जने १८२९ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर चार खंडांत छापलं. त्यातला तिसरा खंड आधी घ्या, निजामशाही त्यातच आहे.