पहिल्यांदाच 'हो' म्हण

प्रश्न: ताई, मी पुण्याची, एका सेमिस्टरसाठी एक्स्चेंजवर नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनला आलेय. परवा प्रोजेक्टच्या कामासाठी वर्गातल्या एका डच मैत्रिणीच्या घरी गेले होते, पावणेसहा वाजले असतील, तिची आई म्हणाली आम्ही सहाला जेवतो, तू पण जेवशील का. मी आपलं सवयीनं म्हटलं, नको नको, कशाला उगाच. तर त्या 'ओके' म्हणाल्या आणि खरंच सगळे टेबलावर जेवायला बसले आणि मी सोफ्यावर लॅपटॉप घेऊन! वास येत होता, पोटात कावळे ओरडत होते. येताना सायकलवर रडले मी. त्याच मैत्रिणीनं आधी एका कॉफीच्या पैशांची टिकी, म्हणजे फोनवर पैसे मागणारी लिंक, पाठवली होती, आणि रिपोर्टमधला माझा भाग वाचून सगळ्यांसमोर म्हणाली 'हे चांगलं झालं नाहीये.' मी परकी आहे म्हणून असं वागतात का हे लोक?

उत्तर: अगं, तुझं पत्र वाचून मला माझा युट्रेख्टमधला पहिला ऑक्टोबर आठवला. मी तिथं दोन वर्षं शिकायला होते आणि माझ्या घरमालकीणबाईंकडे अगदी हेच झालं होतं, फक्त सोफ्याऐवजी मी जिन्यात उभी होते.

बघ, आपल्याकडे पहिलं 'नको' हे नको नसतंच. पाहुण्यानं नको म्हणायचं, यजमानानं आग्रह करायचा, परत नको, परत आग्रह, तिसऱ्यांदा ताट वाढलेलंच असतं, आणि हे आपण लहानपणापासून बघितलेलं असल्यामुळे ही एक रीत आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. तिकडे आग्रह ही गोष्टच नाही. तू नको म्हणालीस म्हणजे तुला नकोय, आणि मोठ्या माणसाला परत परत विचारणं म्हणजे त्याच्या शब्दावर विश्वास नाही असं दाखवणं. त्या काकूंनी तुझा मान ठेवला गं, त्यांच्या परीनं. आणि खरं सांगायचं तर त्यांनी विचारलं हीच मोठी गोष्ट, कारण बऱ्याच घरांत स्वयंपाक माणसं मोजूनच करतात, चौघांना चार तुकडे, तेवढेच बटाटे, त्यामुळे ऐनवेळी आलेल्याला जेव म्हणणं म्हणजे कुणीतरी आपल्यातलं कमी करून देणार असतं.

तेव्हा पुढच्या वेळी पहिल्यांदाच 'हो, आवडेल' म्हण. आणि परवाचं तसंच सोडू नकोस, तिला सरळ सांग की मी नको म्हणाले पण भूक लागली होती, आमच्याकडे तीनदा विचारतात. खरं बोललेलं तिथं कुणाला खुपत नाही.

मग तिला तुझ्याकडे बोलव. 'ये ना कधीतरी' असं नाही, त्याचा तिकडे काही अर्थ होत नाही. तारीख, वेळ, आणि 'जेवायला' हा शब्द, तिन्ही सांग. रात्री आठला ये म्हणालीस तर ती घरून जेवून येईल, कारण आठची वेळ म्हणजे कॉफी आणि बिस्किट. ती फोनमधली अजेंडा, म्हणजे डायरी, उघडून तीन आठवड्यांनंतरची तारीख देईल, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, एकदा तिथं तुझं नाव लिहिलं की ती वादळ असलं तरी येणार.

काय करायचं विचारशील तर कढी कर. सुपरमार्केटमध्ये 'कार्नेमेल्क' म्हणून जे मिळतं ते आपलं ताकच, तिकडचे लोक ते जेवताना ग्लासभर पितात. मी पहिल्यांदा केली तेव्हा मोठ्या आचेवर ठेवली आणि फुटली. बेसन आधी गार कार्नेमेल्कमध्ये गुठळी राहणार नाही असं कालव, मंद आचेवर ठेव आणि उकळी येईपर्यंत डाव हलवत राहा, मग वरून तूप-जिऱ्याची फोडणी. बेसन टोकोत मिळेल, म्हणजे आशियाई किराणा दुकानात. गोडाला 'क्वार्क' आण, पूर्ण फॅटचा, रात्रभर फडक्यात टांगून ठेवलास की चक्का तयार, साखर-वेलची घालून श्रीखंड. दोन्ही पदार्थ तिच्या ओळखीच्या वस्तूंचे, त्यामुळे खाताना तीच शंभर प्रश्न विचारेल.

टिकीचं म्हणशील तर ते बँकेचं ॲप आहे, २०१६ पासूनचं, एका कॉफीचे पैसे मागणं तिकडे अपमान नाही. आपण 'राहू दे गं, मी देते' म्हणतो आणि मनात हिशोब ठेवतोच की, तिकडे तो फोनवर मिटतो आणि मनात काही उरत नाही. तूही पाठव, बिनधास्त.

रिपोर्टचं मात्र लागलं असेल, मला कळतं. 'चांगलं झालं नाहीये' हे ती तुला नाही, त्या पानाला म्हणाली. तिला विचार, नेमकं कुठलं वाक्य? ती बसून सांगेल, आणि तिच्या भागात तुला काही खटकलं तर तेही सांग, त्यांना गप्प बसणारा पार्टनर जास्त अवघड वाटतो. आणि मार्क बघून घाबरू नकोस, तिकडे १० पैकी ५.५ ला पास आणि ८ म्हणजे खरोखर उत्तम, ७ बघून मी घरी फोन करून रडले होते ते उगाचच.

पण एक सांगते, सगळंच 'त्यांची पद्धत' म्हणून गिळायचं नाही. खोलीच्या जाहिरातीत परदेशी विद्यार्थी नकोत असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय. जिथं तुझ्या रंगावरून किंवा देशावरून कुणी बोलेल तिथं तो सरळ सरळ अन्याय आहे, युनिव्हर्सिटीत तक्रार कर.

प्रश्न: मी साताऱ्याहून लिहितेय. मुलगा डेल्फ्टला आहे, चार दिवस ताप होता, डॉक्टरनं बघितलं आणि नुसतं पॅरासिटामॉल घे, पाणी पी, झोप एवढंच सांगितलं. ना इंजेक्शन, ना अँटिबायोटिक. जीव नुसता टांगणीला लागलाय. परत बोलवून घेऊ का?

उत्तर: ताई, परत बोलवू नका. आईचा जीव आहे, काळजी वाटणारच, पण साध्या व्हायरल तापाला तिकडचे डॉक्टर अँटिबायोटिक देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. आपल्यासारखं थेट स्पेशालिस्टकडे जाता येत नाही, आधी 'हाउसआर्ट्स', म्हणजे फॅमिली डॉक्टर, आणि त्यांची चिठ्ठी असेल तरच पुढे. मुलानं ताप किती, कधीपासून, हे लिहून ठेवावं आणि फोनवर न लाजता स्पष्ट सांगावं, 'बरं नाहीये हो जरा' असं मोघम नको. ताप उतरत नसेल तर परत फोन करायचा, संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी वेगळी हाउसआर्ट्सची सेवा असते, आणि श्वास घ्यायला त्रास किंवा तसंच काही गंभीर वाटलं तर थेट ११२. तुम्ही फोन कराल तेव्हा हिवाळ्यात आपली वेळ साडेचार तास पुढे असते हे लक्षात ठेवा, आपल्याकडे सकाळचे सात म्हणजे त्याची मध्यरात्र उलटून अडीच वाजलेले.

प्रश्न: जानेवारीत लायडनला जातेय. सायकल शाळेनंतर चालवलेली नाही. चालेल का?

उत्तर: जायच्या आधी महिनाभर रोज चालव, गर्दीत चालव. तिकडे कॉलेज, बाजार, स्टेशन, सगळं सायकलवर. वळताना हात दाखवायचा, अंधारात पुढे पांढरा किंवा पिवळा आणि मागे लाल दिवा नसेल तर दंड, आणि २०१९ पासून चालवताना हातात फोन धरला तरी दंड. लालसर रंगाचा रस्ता सायकलींचा, त्यावर पायी चालायचं नाही, मागून घंटी वाजलीच समज. जुनी सायकल घेशील तर दोन कुलुपं घे, एक चाकाचं आणि एक साखळीचं, साखळी कठड्याला बांधायची. आणि बऱ्याच जुन्या सायकलींना हँडलला ब्रेकच नसतो, पेडल उलटं मारलं की थांबते. पहिल्या दिवशी रिकाम्या गल्लीत जाऊन ते दहावीस वेळा करून बघ, कालव्याच्या काठावर नको.