मेलेल्या मायक्रोएसडी कार्डाचा पिनआऊट शोधायचाय? आधी तसलंच जिवंत कार्ड आणा

भाऊ, तुमचा प्रश्न मला असा समजला. परभणीच्या एका फोटोग्राफरचं ३२ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड गेलंय, लग्नाचे फोटो त्यात अडकलेत, रीडरला लावलं तर कॉम्प्युटरला काहीच दिसंना. तुम्ही मागचा काळा थर थोडा खरडून खालचे बारीक पॅड उघडे केलेत, पण कोणता पॅड कशाचा (म्हणजेच पिनआऊट) ते कळायला मार्ग नाही म्हणून ८ चॅनलचा लॉजिक अ‍ॅनालायझर (एकाच वेळी अनेक लाईनींचं वर-खाली होणं टिपणारं यंत्र) घेऊन बसलात.

आधी ते खरडणं थांबवा. मी लातूरला गंजगोलाईजवळ बारा वर्षं रिपेरिंग करायलो, आणि सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाईकाच्या कार्डावर असंच शिकायला गेलो, २००० नंबरचा पॉलिश पेपर जरा जास्त फिरला आणि थराखालचा तांब्याचा ट्रॅकच उडाला. त्या माणसाच्या वारलेल्या वडलांचे फोटो होते त्यात. तेव्हापासून माझा नियम एकच, शिकायचं ते जिवंत कार्डावर, गिऱ्हाईकाच्या कार्डाला हात शेवटी. त्याच कंपनीचं, तेवढ्याच जीबीचं, मागं तोच कोड छापलेलं चालू कार्ड शोधा, आणि त्याचा थर काढल्यावर पॅडची मांडणी जुळते का ते डोळ्यानं बघा, कारण वरचं लेबल सारखं असूनही आतलं वेगळं निघतं. मांडणी जुळली की जिवंत कार्डावर काढलेला नकाशा मेलेल्याला लागू होतो.

आता मुद्द्याचं. ४८ पायांची टीएसओपी पॅकेजातली नँड (डेटा साठवणारी मेमरी चिप) असती तर इतकी कटकट नव्हती, तिथं ८ नंबर आरई (वाचायचा इशारा), ९ सीई (चिप निवडायचा), १६ सीएलई (कमांड येतेय हे सांगणारा), १७ एएलई (पत्ता येतोय हे सांगणारा), १८ डब्ल्यूई (लिहायचा इशारा), डेटा २९ ते ३२ आणि ४१ ते ४४, हे ठरलेलं असतं. मायक्रोएसडीत कंट्रोलर (नँडला हुकूम देणारी चिप) आणि नँड एकाच रेझिनमध्ये कोंबलेले, पॅड कुठं काढायचे ते बनवणाऱ्याच्या मर्जीवर. पण आतली बोली तीच असते, आणि आपल्याला ती बोलीच पकडायची असते.

मल्टिमीटरनं कार्डाच्या बाहेरच्या ४ नंबर पिनला, म्हणजे व्हीडीडीला (पॉवरला), आणि ६ नंबरला, म्हणजे ग्राउंडला जोडलेले पॅड आधी बाजूला काढा. उरलेल्यांना इनॅमलची बारीक वायर लावा, फ्लक्स भरपूर, टीप बारीक, आणि कार्ड रीडरमध्ये घालून पॉवर देतानाच रेकॉर्डिंग चालू ठेवा. पॉवर आल्या आल्या कंट्रोलर नँडला पहिल्यांदा एफएफ म्हणजे रीसेट देतो, मग ९० देऊन आयडी विचारतो (हे सगळे कोड हेक्स म्हणजे सोळाच्या पद्धतीतले), हा क्रम दर वेळी तोच येतो. म्हणून ८ चॅनलवरही भागतं. एकदा डब्ल्यूई आणि सीएलई सापडले की ते दोन तसेच ठेवायचे आणि बाकीचे सहा-सहा पॅड बदलत फेऱ्या मारायच्या.

कंट्रोलच्या लाईनी वागणुकीवरून ओळखू येतात. वर म्हणजे लाईनीवर व्होल्टेज आहे, खाली म्हणजे नाही. सीई सगळ्यांच्या आधी खाली जातो. डब्ल्यूई एरवी वर असतो आणि मोजकेच झटके देतो, आरईसुद्धा वर असतो पण पेज (एका वेळी वाचायचा डेटाचा तुकडा) वाचताना हजारोंनी झटके देतो, त्या दोघांत गोंधळ होतच नाही. सीएलई खाली असतो आणि डब्ल्यूईच्या एकाच झटक्यापुरता वर येतो. एएलई आयडी विचारताना एका झटक्यापुरता, पेज वाचताना पाच झटक्यांपुरता वर राहतो, आणि हे पाच दिसले की मला तरी हायसं वाटतं. आरबी (नँड कामात आहे की मोकळी ते सांगणारा) कमांडनंतर बराच वेळ खाली बसून राहतो. डब्ल्यूपी (लिहिण्याला कुलूप लावणारा) गुमान एका जागी.

खरी गंमत डेटाच्या आठ लाईनींत, म्हणजे डी० ते डी७मध्ये आहे; कोडचा एकेक बिट एकेका लाईनीवर जातो. सीएलई वर असताना डब्ल्यूई जिथं खालून वर जातो, नेमक्या त्या क्षणी कोण वर आहे ते बघायचं. एफएफला आठही वर, पेज वाचायच्या पहिल्या ००ला आठही खाली, एवढ्यावर हे आठ जण बाकीच्या पॅडांपासून वेगळे निघतात. मग ९०, ३० आणि ७० या तीन कमांड शोधा. तिन्हीत वर असतो तो डी४. फक्त ९०ला वर तो डी७. ३० आणि ७०ला वर पण ९०ला खाली तो डी५. फक्त ७०ला वर तो डी६. डी४ ते डी७ हे चार झाले.

खालच्या चौघांसाठी, म्हणजे डी० ते डी३साठी, आयडीचं उत्तर बघा. पहिला बाईट कंपनीचा असतो, सॅमसंगचा ईसी, तोशिबाचा ९८, सँडिस्कचा ४५. ९८ असेल तर खालच्या चारांत एकटा डी३ वर. नँड ओएनएफआय (नँड कंपन्यांचं सामायिक मानक) पाळणारी असेल आणि कंट्रोलरनं २० पत्त्यावर विचारलं असेल तर ४एफ, ४ई, ४६, ४९ अशी चार अक्षरं येतात, त्यातून डी० आणि डी३ सुटतात, पण डी१ आणि डी२ चारही वेळा सारखेच वागतात, तिथं मी एकदा पूर्ण रात्र घालवली. त्या दोघांना वेगळं करायला ०५ कमांड पकडा, पेजच्या मधूनच वाचायला कंट्रोलर ती देतो, त्यात डी० आणि डी२ वर आणि डी१ खाली.

तुमच्या अ‍ॅनालायझरबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. स्वस्तातला २४ मेगाहर्ट्‌झवाला असेल तर तो ४२ नॅनोसेकंदाला एकदा बघतो, आणि नँडचा सगळ्यात सावकाश मोडसुद्धा १०० नॅनोसेकंदाचा, म्हणजे झटके सुटणार आणि तुम्हाला वाटणार कार्डच वेड्यासारखं वागायलंय. १०० मेगाहर्ट्‌झ, १६ चॅनलचा कुणाकडून तरी दोन दिवसांसाठी मागून आणा. आणि आतल्या लाईनी १.८ व्होल्टवर असतील तर त्या स्वस्त डब्याला २ व्होल्टच्या खालचं ‘वर’ म्हणून वाचायची खात्री नाही, आधी मीटरनं व्होल्टेज बघा.

नकाशा तयार झाला की मेलेल्या कार्डाला त्याच पॅडवर वायरी लावा आणि नँड रीडरनं नुसता आयडी दहा वेळा वाचा. दहाही वेळा तोच आला तरच पूर्ण डंप (नँडमधल्या सगळ्या डेटाची जशीच्या तशी नक्कल) घ्या, दोनदा घ्या आणि जुळवून बघा. आयडी बदलत असेल तर वायरी आखूड करा, ग्राउंड जाड करा. डंपमध्ये थेट जेपीजी दिसणार नाहीत, कंट्रोलरनं डेटा एक्सओआरनं घुसळलेला असतो, ईसीसी (वाचनातल्या चुका दुरुस्त करायचा जादा डेटा) वेगळं, ब्लॉक मागंपुढं केलेले, ते उलगडायचं काम वेगळंच आहे आणि आठवडाभर खातं. त्या फोटोग्राफरला आज तारखेचा शब्द देऊ नका. पॅडचा जवळून एक स्वच्छ फोटो टाका, मी माझ्याकडच्या नकाशांशी लावून बघतो.