मागून पकडतंय, ते आधी सांग

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तुझी फुटबॉलची मॅच बघितली. उत्तरार्धात उजव्या बाजूनं तू सुसाट पळालास, बॉल गाठलास, क्रॉस टाकलास आणि मागं फिरताना मांडीच्या मागं हात लावलास. दोनदा. त्यानंतर शिट्टी होईपर्यंत तू एकदाही पूर्ण वेगानं पळाला नाहीस. प्रेक्षकांत कुणाच्या ध्यानात आलं नसेल. मला दिसलं, कारण तसाच चोरून हात लावत मीही बरीच वर्षं खेळलोय. रात्री फोनवर विचारलं तर म्हणालास, "काही नाही सर, जरा पकडलंय." रविवारी सेमीफायनल आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आपण खेळणारी माणसं दुखण्याचे दोनच प्रकार मानतो: पळता येतंय आणि पळता येत नाही. मधलं काही आपल्या हिशेबात नसतं. आणि खरी भीती दुखण्याची नसतेच. भीती असते ती जागा जाण्याची. मी बाहेर बसलो आणि माझ्या जागी आलेल्या पोरानं गोल मारला तर? त्यात आपल्याकडं संघ म्हणजे पेठ, तालीम. सामन्याच्या दिवशी सगळी गल्ली मैदानावर असते, आणि ऐनवेळी बाहेर बसणाऱ्याला दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर दहा जण कारण विचारतात. म्हणून आपण दुखणं अंगावर काढतो आणि त्यालाच धाडस म्हणतो. मीही म्हणत होतो.

तुझ्याच वयाचा असताना माझा डावा घोटा मुरगळला. त्याच संध्याकाळी कुणाच्या तरी सांगण्यावरून गरम तेलानं चोळून घेतला. रात्रीत घोटा भोपळ्यासारखा सुजला. ताज्या मारावर शेक आणि मालिश नको, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी क्रेप बँडेज करकचून बांधून मी मैदानात उतरलो. नव्वद मिनिटं खेळलो, सगळ्यांनी पाठ थोपटली. त्या हंगामात तोच घोटा आणखी तीनदा मुरगळला. सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला असं मी धरून चाललो होतो. पण मुरगळल्यावर पायाचा तोल सांभाळायची जाणीवही मंदावते, आणि ती एका पायावर उभं राहण्याच्या व्यायामानं पुन्हा कमवावी लागते. मी ती कमावली नाही. आजही जिना उतरताना माझा हात कठड्यावर असतो.

मोठ्या खेळाडूंनाही हा मोह सुटत नाही. 2014 ची चॅम्पियन्स लीगची फायनल आठव. लिस्बनमध्ये रेआल माद्रिद आणि अ‍ॅटलेटिको समोरासमोर होते. अ‍ॅटलेटिकोच्या दिएगो कोस्ताला आठवड्यापूर्वीच मांडीच्या मागच्या स्नायूची दुखापत झाली होती, तरी तो पहिल्या अकरात उतरला आणि नवव्या मिनिटाला बाहेर आला. तेव्हा खेळाडूंच्या तीनच बदल्या मिळायच्या, त्यातली एक तिथंच गेली. अ‍ॅटलेटिको 1-0 नं पुढं होता, 93 व्या मिनिटाला रेआलच्या रामोसनं बरोबरी केली आणि जादा वेळेत सामना 4-1 नं गेला. त्या अर्ध्या तासात अ‍ॅटलेटिकोचे पाय गळून गेले होते आणि एकही बदली शिल्लक नव्हती. एकट्या कोस्तामुळं ते हरले असं मी म्हणणार नाही. पण तुला रविवारी "संघासाठी" खेळायचंय ना, म्हणून ही मॅच तुझ्यापुढं ठेवली.

आता तुझ्या मांडीबद्दल. पूर्ण वेगात पळताना पाय पुढं झेपावतो आणि जमिनीला टेकायच्या आधी मागचा स्नायू त्याला ब्रेक लावतो. त्या क्षणी तो ताणलाही जात असतो आणि जोरही लावत असतो. बहुतेक वेळा तो तिथंच फाटतो, कुणाचा धक्का लागलेला नसतानाही. "जरा पकडलंय" म्हणजे काही तंतू तुटलेले असू शकतात. साधं चालताना आठवडाभरात काहीच जाणवत नाही, म्हणून फसगत होते. आणि हॅमस्ट्रिंग, म्हणजे हाच मांडीमागचा स्नायू, पुन्हा जाण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ती आधी एकदा गेलेली असणं. दुसऱ्यांदा गेली की साधारणपणे पहिल्यापेक्षा जास्त दिवस बाहेर बसावं लागतं.

तेव्हा आधी फिजिओथेरपिस्टला दाखव. दाबल्यावर दुखत नाही, दोन्ही पायांची ताकद सारखी लागते आणि सरावात पूर्ण वेगाच्या धावा बिनधास्त निघतात, एवढं झाल्याशिवाय मॅच नाही. इंजेक्शन घेऊन उतरायचा विचार मनातही आणू नकोस. दुखणं हीच तुझी सूचना आहे, ती बंद करून पळायचं नाही.

बरा झालास की नॉर्डिक नावाचा याच स्नायूचा व्यायाम सुरू कर. गुडघ्यांवर बस, जोडीदाराला घोटे धरायला सांग आणि कंबर न वाकवता अंग हळूहळू पुढं सोड, जमेल तितकं रोखून धर. शेवटी हातावर पडलास तरी चालेल. पहिल्या आठवड्यात पाच-पाचचे दोनच सेट. मांड्या भरून येतील, त्याला घाबरू नकोस. मात्र मॅचच्या आदल्या दिवशी करायचं नाही. हा व्यायाम नेमानं करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचं अभ्यासांत दिसलंय. फुकटातला व्यायाम आहे, तरी पोरं टाळतात, कारण त्यात बॉल नाही.

वॉर्मअपचंही तसंच. मैदानाला दोन फेऱ्या आणि मग गोलवर शॉट, हा वॉर्मअप नव्हे. फिफाचा 11+ नावाचा वीस मिनिटांचा कार्यक्रम आहे: हळू पळणं, मग ताकद, तोल आणि उड्या, शेवटी वेगाच्या धावा. नॉर्वेत मुलींच्या संघांवर त्याचा मोठा प्रयोग झाला, 2008 मध्ये निकाल छापून आले, आणि गंभीर दुखापती सुमारे निम्म्यानं कमी झाल्या होत्या. त्यातली उडीनंतर जमिनीवर येण्याची पद्धत नीट शिक. गुडघा आत वळता कामा नये. गुडघ्याचा एसीएल, म्हणजे आत हाडांना बांधून ठेवणारा अस्थिबंध, बऱ्याचदा कुणी न भिडताच जातो, आणि शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांना तो पुन्हा जाण्याचा धोका बराच जास्त असतो.

डोक्याला मार लागून गरगरलं, क्षणभर काही सुचेनासं झालं, तर त्या दिवशी खेळ संपला. उलटी झाली किंवा डोकेदुखी वाढत गेली तर थेट दवाखाना. त्यात चर्चा नाही.

केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, लीग संपली की स्पर्धांमागून स्पर्धा येतात, उन्हानं मैदान टणक होत जातं, आणि तुझ्यासारख्या चपळ पोराला प्रत्येक जण खेळवू पाहतो. आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हापासून तुझ्या डोळ्यांत काय आहे ते मला माहीत आहे. म्हणूनच हा एक रविवार तू सोडावास असं मला वाटतं.

प्रशिक्षकांना तू स्वतः सांग, आणि आजच सांग, म्हणजे तुझ्या जागी खेळणाऱ्या पोराला तयारीला चार दिवस मिळतील. बोलायला अवघड वाटलं तर मी शेजारी उभा राहीन. उद्या साडेपाचला मैदानावर ये. बूट आणू नकोस, आपण फिजिओकडं जाऊन येऊ.

तुझा,
सर