सरासरी तीच, मग एफ का बदलला?

प्रश्न : एम.ए. मानसशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी सिम्युलेटरवर ब्रेक दाबायला लागणारा वेळ मोजतेय. गट तीन : न प्यायलेले, एक पेग, दोन पेग. दोन-दोन गट घेऊन तीन टी-टेस्ट केल्या तर काय बिघडलं? (सदाशिव पेठ)

फरक नसताना ‘आहे’ म्हणण्याची चूक एका टेस्टमध्ये आपण ५ टक्के धरतो. तीनदा टेस्ट केली की ती १४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. अनोव्हा, म्हणजे प्रचरण विश्लेषण, तिन्ही गटांचा निवाडा एकदाच करतं. आणि ते ‘पेग’ आधी सोडा. ५० किलोच्या मुलीला आणि ८५ किलोच्या मुलाला एकच पेग सारखा चढत नाही. वजनाच्या हिशेबाने द्या, ब्रेथ अ‍ॅनलायझरवर तपासा.

प्रश्न : आम्हीही हेच केलं, गटात तिघे-तिघे. वेळ शतांश सेकंदांत : ५२, ६२, ७२, मग ५८, ६८, ७८, मग ७०, ८०, ९०. सरासरी ६२, ६८, ८०. फरक डोळ्यांना दिसतोय, तरी संगणक ‘लक्षणीय नाही’ म्हणतो! (कोथरूड)

संगणक बरोबर आहे. हातानेच करून बघू. एकूण सरासरी ७०. गट तिच्यापासून ८, २ आणि १० ने दूर. वर्गांची बेरीज १६८, गटात तिघे म्हणून तिप्पट, ५०४. डिग्री ऑफ फ्रीडम (इथे गटांच्या संख्येतून एक वजा) २, तिने भागून २५२. आता गटाच्या आत, गटाच्याच सरासरीपासूनची अंतरं : वर्गांची बेरीज प्रत्येकी २००, एकूण ६००, भागिले ६ (नऊ माणसं वजा तीन गट), म्हणजे १००. एफ म्हणजे गटागटांमधलं प्रचरण (आकड्यांचा विखुरलेपणा) भागिले गटाच्या आतलं. २५२ भागिले १००, एफ आला २.५२. लक्षणीय ठरायला कोष्टकाप्रमाणे ५.१४ हवा.

आता समजा, वेळ ६०, ६२, ६४. ६६, ६८, ७०. ७८, ८०, ८२ असे आले असते. सरासरी त्याच. पण आतलं प्रचरण १०० वरून ४ वर, आणि एफ थेट ६३! तुमच्याकडे माणसामाणसातला फरकच इतका आहे की दारूचा त्यात हरवला. तिघांत दुसरं काय होणार म्हणा. माणसं वाढवा, नाहीतर त्याच माणसांना तिन्ही मात्रा वेगवेगळ्या दिवशी द्या आणि ‘रिपीटेड मेझर्स’ अनोव्हा लावा; मुळातच संथ असणाऱ्याचा संथपणा हिशेबातून वेगळा निघतो. क्रम मात्र आलटून-पालटून ठेवा. तिसऱ्या खेपेपर्यंत सिम्युलेटरवर हात बसतो आणि दारूने सुधारणा झाली असं दिसायला लागतं.

प्रश्न : एफ लक्षणीय आला. कोणता गट वेगळा? (औंध)

ते एफ सांगत नाही. पुढे टुकीची टेस्ट करा, ती गटांची एकेक जोडी तपासते.

प्रश्न : ‘लक्षणीय नाही’ म्हणजे दोन पेग चालतात, असंच ना? (हडपसर)

नाही हो! फरक सापडला नाही, एवढंच. कायदाही एफ बघत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. वरच्या आकड्यांत शून्य आणि दोन पेगमध्ये ०.१८ सेकंदाचा फरक होता. ताशी ६० ने (कर्वे रोडवर ते जमायचं नाही, बायपास धरू) तेवढ्यात गाडी ३ मीटर पुढे जाते. रिक्षाची लांबी त्याहून कमी असते.